आजोबांची शिस्त नातवाला जाचते

"ताई, वडील तालमीतले. मी सातवीत असल्यापासून पहाटे साडेचारला उठवून न्यायचे, स्वतःही शेजारी जोर मारायचे. त्यांच्या शिस्तीमुळेच आज गुजरीत माझं दुकान आहे. दुकान वाढवून घरी यायला साडेदहा होतात, मग आम्ही सगळे एकत्र जेवतो. चौदा वर्षांच्या मुलाला मी तसंच साडेचारला उठवून तालमीत पाठवतो. गुडघे दुखतात म्हणून मी जात नाही. परवा तो म्हणाला, 'आजोबांची शिस्त मला नको.' वडील जाऊन दोन वर्षं झाली, फार लागलं. मी चुकतोय का?"
— कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील वाचक

भाऊ, वडिलांवरची माया तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते, म्हणून ते वाक्य जिव्हारी लागलं. पण साडेदहाला जेवणारं पोरगं झोपतं कधी? बाराला! या वयात आठ ते दहा तास झोप लागते. साडेचारला उठवल्यावर ते चिडणारच. तालमीतली माणसं लवकर जेवून लवकर झोपायची, मेहनतीनंतर थंडाई, खुराक, दुपारची झोप. वडिलांची पहाट तुम्ही उचललीत, त्यांची रात्र राहून गेली.

वस्तादही नव्या पोराला लगेच कुस्तीला उभं करत नाही. आधी हातात फावडं देतो, आखाडा उकरायला लावतो. ताक, तेल, हळद, लिंबू घातलेली ती लाल माती अंगाला लागली, की पोरगं आपणहून लंगोट कसतं. तुमच्या मुलाला ती गोडी लागायच्या आधीच हुकूम आला, आणि तोही एकट्यासाठी.

महिनाभर साडेचार बंद करा. त्याला आईबरोबर आठला जेवू दे, तुमच्यासाठी ताटकळत ठेवू नका. रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत, तुमचाही. सकाळी सहाला दोघं रंकाळ्यावर चाला, गुडघ्यांना झेपेल तेवढंच.

चालताना आजोबा सांगा. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग कुस्ती मैदानात त्याला घेऊन जा. तुम्ही कुस्ती हरून आलात की वडील काय बोलायचे, तेही सांगा. आज त्याला आजोबा म्हणजे साडेचारची हाक, एवढेच ठाऊक आहेत.

तरीही तालीम नको म्हणाला, तर नको. फुटबॉल खेळतो म्हणाला तर आनंदानं पाठवा, फुटबॉलवेड्या पेठेतल्या पोरानं फुटबॉल मागितला यात नवल ते काय? फक्त रोज जायचं आणि वेळेवर जायचं, ही अट घाला. तिच्यात मात्र सूट देऊ नका.