वाचकांचे प्रश्न : पनामा कालव्यातून जाताना

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत नोकरीला असून येत्या जानेवारीत तो आम्हा दोघांना पनामा कालव्यातून जाणाऱ्या प्रवासी जहाजाने नेणार आहे. आम्ही साठी ओलांडलेले शेतकरी आहोत. कालव्यात प्रत्यक्ष काय पाहायला मिळते, एवढे मोठे जहाज वर चढवण्यासाठी पाणी उपसायला किती मोटारी लागतात, जहाज हलते का, मध्ये उतरता येते का आणि निघण्यापूर्वी कोणती तयारी करावी, हे कृपया कळवावे.
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपल्या पत्रातील मोटारींचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून आरंभ तेथूनच करतो. पाणी उपसण्यासाठी तेथे एकही मोटार लागत नाही. चाग्रेस नदीवर धरण बांधून समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवर गातून नावाचा तलाव तयार करण्यात आला असून, जहाजाला एका समुद्रातून या तलावात चढवणे आणि दुसऱ्या बाजूला उतरवणे, हेच कालव्याचे मुख्य काम आहे. त्यासाठी जलपाश, म्हणजे दोन्ही टोकांना प्रचंड पोलादी दारे असलेले काँक्रीटचे हौद, बांधलेले आहेत. जहाज हौदात शिरले की मागचे दार बंद होते, तळाच्या छिद्रांमधून वरच्या पातळीचे पाणी आत सोडले जाते आणि जहाज त्या पाण्याबरोबर वर येते. वरच्या वाफ्यातले पाणी दार मोडून खालच्या वाफ्यात घ्यावे, इतके हे तत्त्व साधे आहे.

कॅरिबियन समुद्राकडून गेल्यास गातून येथे अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात, तर पॅसिफिककडे पेद्रो मिगेल येथे एक आणि मिराफ्लोरेस येथे दोन पायऱ्या उतराव्या लागतात. १९१४ साली खुल्या झालेल्या या जुन्या हौदांची रुंदी सुमारे ३३.५ मीटर असल्यामुळे मोठ्या जहाजाच्या दोन्ही अंगांना जेमतेम दोन-दोन फूट जागा उरते, आणि काठावरच्या रुळांवरून चालणारी विजेची इंजिने तारांनी जहाजाला मधोमध धरून ठेवतात. हे दृश्य खोलीच्या खिडकीतून नीट दिसत नाही, कारण खिडकीसमोर बराच वेळ केवळ भिंत असते. म्हणून पहाटेच उठून जहाजाच्या पुढच्या भागातील वरच्या डेकवर जागा धरावी. आपले जहाज फार रुंद असेल, तर ते २०१६ साली सुरू झालेल्या नव्या, मोठ्या हौदांतून जाईल; तेथे इंजिनांऐवजी टगबोटी, म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटी, असतात.

पूर्ण कालवा सुमारे ८० किलोमीटरचा असून तो पार करण्यास साधारण आठ ते दहा तास लागतात. तलावातली बेटे म्हणजे पूर्वीच्या टेकड्यांचे माथे आहेत. नदीकाठची कित्येक गावे या पाण्यासाठी उठवली गेली, हे गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रातील आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढे कुलेब्रा येथे डोंगर चिरून काढलेला मार्ग लागतो. फ्रेंचांच्या फसलेल्या प्रयत्नात आणि नंतरच्या अमेरिकी बांधकामात मिळून हजारो मजूर पीतज्वराने, हिवतापाने आणि अपघातांत दगावले, आणि त्यांत वेस्ट इंडीजच्या बेटांवरून आलेले मजूर फार मोठ्या संख्येने होते. त्या खिंडीतून जाताना त्यांची आठवण ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

मोटार लागत नसली, तरी पाणी मात्र लागते. जुन्या हौदांतून एक जहाज पार होताना सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. नव्या हौदांजवळच्या टाक्यांमुळे तेथे बऱ्याच पाण्याचा पुनर्वापर होतो. पनामा आणि कोलोन या शहरांना पिण्याचे पाणीही याच तलावातून मिळते आणि तलाव सर्वस्वी पावसावर अवलंबून आहे. २०२३ साली पावसाने ओढ दिली, तेव्हा दररोज सोडायच्या जहाजांची संख्या घटवावी लागली.

कालव्यात व तलावात जहाज जवळजवळ हलत नाही. कॅरिबियन समुद्रात मात्र लाटा असू शकतात, त्यामुळे मळमळीवरील औषध डॉक्टरांना विचारून सोबत ठेवावे. संपूर्ण कालवा पार करणाऱ्या जहाजातून सहसा मध्ये उतरता येत नाही. काही जहाजे केवळ तलावापर्यंत जाऊन परततात आणि सहलीसाठी प्रवाशांना तेथे उतरवतात, म्हणून आपले तिकीट कोणत्या प्रकारचे आहे, हे मुलाला आधी विचारावे. जानेवारी हा तेथील कोरडा हंगाम असला तरी हवा उष्ण व दमट असते. टोपी आणि सुती कपडे पुरेत. शाकाहारी जेवणाची सूचना आरक्षण करतानाच द्यावी.

पीतज्वराच्या लसीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. भारत सरकारच्या यादीत पनामाचा समावेश असल्यामुळे परतताना लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य ठरते. साठीनंतर ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते, म्हणून सरकारमान्य लसीकरण केंद्रात निघण्याच्या महिनाभर आधीच जावे.