इंग्रजीची अडचण: लोडिंग रद्द की पुढे?

प्रश्न: मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये ऑफिसचं काम पाहते. परदेशी खरेदीदाराचा मेल आलाय, ‘वुई हॅव टु पुट ऑफ द लोडिंग टिल थर्सडे.’ खाली लिहिलंय, ‘पिंक बेरीज पुट अवर कस्टमर्स ऑफ.’ लोडिंग रद्द झालं का? आणि ग्राहकांना पुढे ढकललं म्हणजे काय?

उत्तर: रद्द नाही हो, गुरुवारवर गेलंय. बागवाल्याला आधी तेवढं कळवा, नाहीतर तो माल दुसऱ्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. रद्दच करायचं असतं तर ‘कॉल ऑफ’ लिहिलं असतं आणि त्यापुढे ‘टिल थर्सडे’ आलंच नसतं.

दुसऱ्या वाक्यात ढकलाढकली काहीच नाही. काम किंवा तारीख पुट ऑफ केली तर ती लांबणीवर पडते. माणसाला पुट ऑफ केलं तर बहुतेक वेळा त्याचं मन उडतं. आपल्याकडे थंडी वाढली की थॉमसन जातीच्या हिरव्या घडात गुलाबी मणी दिसायला लागतात. ते बघून तिकडचं गिऱ्हाईक हात आखडता घेतं, ही त्यांची तक्रार. मात्र ‘पुट’चा भूतकाळही ‘पुट’च, त्यामुळे ती मागच्या कंटेनरबद्दल आहे की एकूणच, हे त्या एका वाक्यावरून कळणार नाही. सरळ विचारून घ्या.

माणसाच्या बाबतीत आणखी एक अर्थ आहे. पेमेंटसाठी फोन केला की ‘नेक्स्ट वीक’, पुन्हा केला की पुन्हा ‘नेक्स्ट वीक’, अशी टोलवाटोलवी चालते, ती ‘दे कीप पुटिंग अस ऑफ’. द्राक्षवाल्यांना हा अर्थ समजावून सांगायची गरज नसावी!

उत्तर लिहिताना ‘इट’ मधे घाला: ‘प्लीज डोंट पुट इट ऑफ अगेन.’ ‘पुट ऑफ इट’ चालत नाही. पुढे क्रियापद आलं तर ते ‘-इंग’वालं: ‘वुई कॅनॉट पुट ऑफ हार्वेस्टिंग.’ इथे ‘टु हार्वेस्ट’ लिहू नका. आणि हे वाक्य मेलमध्ये जरूर टाका, तयार माल वेलीवर किती दिवस थांबणार?

प्रश्न: ‘पुट ऑफ द लाइट’ म्हटलं की माझी कॉलेजातली मुलगी हसते. चूक आहे का? (एक वाचक, सातपूर)

उत्तर: चूक नाही, शब्दकोशात हा अर्थ आहे. हल्ली ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ जास्त कानावर पडतं, म्हणून तिला जुनाट वाटत असेल. लाइट आपली आपण गेली तर मात्र ‘द पॉवर वेंट ऑफ’ म्हणा. तिथे पुट ऑफ नको.