अडतीस गुण आणि ट्यूटरचं दार

बर्मिंगहॅमच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. "वय ४४. कराडहून २००९ साली इकडे आले. अकरा वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नोकरीत काढली, मग विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून ॲक्सेस कोर्स केला, आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या निबंधाला ३८ पडले. घरी कुणाला बोलले नाही. सासूबाई फोनवर म्हणतात, या वयात कशाला हा उपद्व्याप? वर्गातली पोरं माझ्या लेकाच्या वयाची. पैशांची ओढाताण आहेच. सोडून देऊ का?"

ताई, सोडायचं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या आईवडिलांना आंघोळी घालून रात्री पुस्तक उघडणं किती जिवावर येतं, ते मी माझ्या घरात पाहिलंय. पण पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "ट्यूटरची दोनदा मेल आली, मी कुठल्या तोंडाने जाऊ?" इथे मात्र मी रागावणार.

आपल्या शाळेत सरांचं बोलावणं आलं म्हणजे छडी, नाहीतर वडिलांना निरोप. ती धास्ती अजून आपल्या अंगात आहे. इथे ट्यूटर भेटीची वेळ राखून ठेवतात ती तुम्ही यावं म्हणून. त्यांच्या पगारात तुम्हाला समजावून सांगणं धरलेलं आहे, ताई!

आमच्या ह्यांनी ४१व्या वर्षी सोशल वर्कच्या पदवीला प्रवेश घेतला. रात्री गोदामात काम, सकाळी वर्ग. पहिलाच निबंध नापास. तो कागद ह्यांनी गाडीच्या खणात, सर्व्हिस बुकाखाली दडवला होता. पार्किंगचं तिकीट शोधताना माझ्या हाती लागला. मी भांडले, रडले आणि सोमवारी त्यांना ट्यूटरच्या दारापर्यंत सोडून आले. त्या बाईंनी निबंधाचं एक पान पुढ्यात ठेवून ह्यांच्या हातात पेन्सिल दिली. जिथे नुसती माहिती आहे तिथे सरळ रेघ मारा, जिथे तुमचं मत कारणासकट आहे तिथे नागमोडी. पानभर सरळ रेघा निघाल्या, नागमोडी एकच! ते पान आजही आमच्या कपाटात आहे.

तुमच्या निबंधावरचा शेरा तोच आहे: वर्णन फार, विश्लेषण कमी. पाठ केलेलं उत्तर नीट उतरवून काढणं आपल्याला शिकवलं, त्यावरच आपण पास झालो. इथे तेवढ्यावर भागत नाही. "हात धुतल्याने जंतुसंसर्ग कमी होतो" ही सरळ रेघ. "हा अभ्यास रुग्णालयातला आहे, केअर होममध्ये आजी-आजोबा एकमेकांच्या खोल्यांत घरासारखे वावरतात, म्हणून तिथे हीच पद्धत जशीच्या तशी चालणार नाही" ही नागमोडी. हे वाक्य वर्गातल्या अठरा वर्षांच्या पोराला सुचायचं नाही. तुमच्याकडे केअर होममधल्या अनुभवाची अकरा वर्षं जमा आहेत.

आणि ३८चा एवढा धसका नको. आपल्याकडे दहावीला ३५ला पास करतात, इथे ४० लागतात. दोनच कमी पडलेत. ७०ला तर इथे फर्स्ट क्लास. फेरनिबंधाला बहुतेक ठिकाणी ४०च्या वर गुण धरत नाहीत, तेव्हा तुमच्याकडचा नियम त्याच भेटीत विचारून घ्या.

वयाचं म्हणाल, तर अण्णासाहेब कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले वैधव्यानंतर मोठ्या वयात शिकल्या, आणि १९१८ साली इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामं केली. चाळिशी उलटली होती तेव्हा त्यांची.

सासूबाईंना सध्या एवढंच सांगा की नर्सचा कोर्स चाललाय. लेकाला मात्र आजच ३८ सांगा. तो निबंध वाचून देईल. पैशांसाठी एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, लर्निंग सपोर्ट फंडाचा अर्ज केलाय का? इंग्लंडमधल्या पात्र नर्सिंग विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० पौंड मिळतात, ते फेडावे लागत नाहीत. १५ वर्षांखालचं मूल असेल तर आणखी २,०००.

पण आधी त्या मेलला उत्तर. दोन ओळी पुरेत: निबंध घेऊन येते, कधी येऊ? जाताना पेन्सिल न्या, आणि एका पानावर किती नागमोडी रेघा निघाल्या ते मला कळवा.