हात भरेल असं पिस्तूल: परवानाधारकांचे प्रश्न

प्रश्न: पोलीस आयुक्तालयाकडून पिस्तुलाचा परवाना मंजूर झाला आहे. खिशात मावणारं छोटं नको, पूर्ण आकाराचं आणि दगा न देणारं हवं. परदेशी मासिकांत सगळे ९ मि.मी.ची शिफारस करतात. आपल्याकडे काय घ्यावं? (बोरिवलीहून एक वाचक)

उत्तर: ९ मि.मी. पॅराबेलम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. परदेशी मासिकांतली तुलना त्यामुळे इथेच बाजूला ठेवा. नागरी परवान्यावर बहुतेकांच्या हातात येतं ते .३२ बोअर, म्हणजे ७.६५ मि.मी.चं पिस्तूल. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे "आधी एक घेऊन बघू, मग बदलू" हा विचार महागात पडतो.

.३२ मध्ये पूर्ण आकार म्हणजे साधारण १७० मि.मी. लांबी, १०० मि.मी.च्या आसपास नळी आणि पाऊण किलोच्या जवळ जाणारं वजन. वॉल्थर पीपीची नळी ९८ मि.मी., मॅगझिन ८ गोळ्यांचं. एफएन १९२२ ची नळी ११३ मि.मी., मॅगझिन ९ गोळ्यांचं. पीपीके दिसायला पीपीसारखंच, पण नळी ८३ मि.मी. आणि मूठ आखूड. दुकानात एकच गोष्ट करून बघा: पिस्तूल धरल्यावर करंगळी मुठीवर बसते का? ती हवेत लोंबकळत असेल तर तिसऱ्या-चौथ्या गोळीपर्यंत पकड सुटते. पकड सैल पडली की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या दारातच अडकते. मोठ्या पिस्तुलाचा विश्वासार्हतेशी संबंध आहे तो असा.

.३२ ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची असतात: नळी फ्रेमला (खालच्या सांगाड्याला) पक्की, कुलूपबंद ब्रीच (गोळी सुटताना नळी आणि स्लाइड जोडून ठेवणारी सोय) नाही, स्लाइडचं वजन आणि तिला परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग यांच्याच जोरावर सगळं चालतं. भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. पण स्प्रिंग दमलेली असेल तर स्लाइड फ्रेमवर आदळत राहते आणि पुढे फ्रेमला तडा जातो.

नवं की जुनं, या प्रश्नाला आमचं उत्तर स्पष्ट आहे. नियमित सराव करणार असाल तर देशी कारखान्याचं नवं घ्या. सुटे भाग आणि दुरुस्ती मिळण्याची शक्यता तिथेच जास्त. खासगी आयात ऐंशीच्या दशकापासून बंद असल्यामुळे जुन्या परदेशी पिस्तुलांच्या किमती दुर्मीळपणामुळे फुगलेल्या आहेत, आणि ती किंमत दर्जाचा पुरावा नव्हे. मूळ स्प्रिंगा आणि दोन चांगली मॅगझिन सोबत मिळत असतील तरच जुन्याकडे वळा.

प्रश्न: एक परवानाधारक आपलं १९०३ मॉडेलचं कोल्ट विकत आहेत. वरून चकाचक आहे. काय तपासावं? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर: चकाकीनेच सावध व्हा. पुन्हा पॉलिश करून ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलेल्या पिस्तुलावर अक्षरांच्या कडा गोल झालेल्या दिसतात. हे मॉडेल १९४५ पर्यंतच बनलं, म्हणजे तुमच्यासमोरचं पिस्तूल किमान ऐंशी वर्षांच्या घरातलं आहे.

आधी मॅगझिन काढा, स्लाइड ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागचा, काडतूस बसतं तो कप्पा) बघा आणि बोट घालून खात्री करा. मग नळी उजेडाकडे धरून आत बघा. खाचा बोथट असल्या तर नेम कमी होईल, एवढंच. पण मध्येच गोल, काळसर कड्यासारखी सावली दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे. अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली की असं होतं. तो सौदा सोडा.

नंतर चेंबरमध्ये डमी काडतूस घालून यंत्रणा बघा. चाप दाबून तसाच धरून ठेवा, स्लाइड मागे ओढून सोडा: आतला घोडा (फायरिंग पिनवर आदळणारा भाग) पडता कामा नये. चाप हळूहळू सोडला की बारीक 'टक' असा आवाज आला पाहिजे. सेफ्टी लावून चाप जोरात दाबा, मग चाप सोडून सेफ्टी काढा. त्या क्षणी घोडा पडला तर सेफ्टी झिजली आहे. या कोल्टच्या मुठीमागे दाबली जाणारी वेगळी सेफ्टी आहे. ती न दाबता चाप चालता कामा नये. शेवटी नळी वर करून स्लाइड हाताने अगदी सावकाश पुढे सोडा. ती मध्येच रेंगाळली तर स्प्रिंग थकली आहे किंवा आत चिकट तेल साठलं आहे.

या पिस्तुलात फायरिंग पिन अडवणारी आधुनिक सोय नाही. चेंबर भरून ते बाळगू नका.

व्यवहाराचं म्हणाल तर विकणाऱ्याने आधी लेखी सूचना द्यायची आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे, असा शस्त्र कायद्याचा दंडक आहे. त्याआधी पैसे देऊन पिस्तूल घरी आणणं हा गुन्हा ठरेल. फ्रेमवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नंबराशी आकडा आकडा जुळवून घ्या.

प्रश्न: नवीन पिस्तूल दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला अडकतं. पिस्तूलच खराब आहे का? (दादरहून एक वाचक)

उत्तर: बहुधा नाही. आधी मॅगझिनकडे बघा. दोन मॅगझिनांवर खिळ्याने १ आणि २ असे आकडे कोरा आणि प्रत्येकातून झाडून बघा. अडचण एकाच आकड्याला चिकटलेली असेल तर दोष त्या मॅगझिनच्या ओठांत (वरच्या वळलेल्या कडांत) किंवा स्प्रिंगमध्ये आहे. पक्कड घेऊन ओठ वाकवत बसू नका, मॅगझिन बदलून घ्या.

.३२ चं स्वतःचं एक दुखणं आहे, ते काडतुसातच आहे. हे काडतूस अर्धरिमचं, म्हणजे बुडाची कड (रिम) अंगापेक्षा जराशीच रुंद: बूड ९.१ मि.मी., अंग ८.५ मि.मी.च्या जरा वर. भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या मागे गेली तर स्लाइड वरचं पुढे ढकलते, ते खालच्यात अडकतं आणि सगळं जाम होतं. म्हणून प्रत्येक काडतूस आधीच्याच्या रिमपुढे ठेवून, खाली दाबत मागे सरकवा. भरून झाल्यावर मॅगझिनच्या भोकांतून रिमांची उतरंड दिसते का बघा. जाम झालंच तर स्लाइडशी झटापट करू नका. बोट चापाबाहेर, नळी निशाणाकडे, आणि आधी मॅगझिन बाहेर काढा.

दोन्ही मॅगझिन मिळून किमान ५० गोळ्या विनाअडथळा गेल्याशिवाय पिस्तुलावर भरवसा टाकू नका. काडतुसं महाग आहेत आणि परवान्यावरची संख्या मर्यादित आहे, हे मान्य. तरीही या चाचणीत काटकसर करू नका. चाचणी मान्यताप्राप्त रेंजवरच करा.

प्रश्न: घरी .३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसं आहेत. पिस्तुलात चालतील का? (मुलुंडहून एक वाचक)

उत्तर: नाही. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी २३ मि.मी., पिस्तुलाची १७ मि.मी. बोअरचा आकडा सारखा असला तरी दोन्ही वेगळी आहेत. डबे वेगळे ठेवा.

प्रश्न: निवडणुकीत पिस्तूल दोन महिने पोलीस ठाण्यात जमा होतं. परत आलं तेव्हा मुठीच्या पट्ट्यांखाली गंज होता. (वर्सोव्याहून एक वाचक)

उत्तर: समुद्राजवळ गंज नेमका तिथूनच सुरू होतो, कारण घामातलं मीठ पट्ट्यांखाली साठतं आणि वरून पुसलेलं तिथे पोहोचत नाही. जमा करण्याच्या आदल्या दिवशी पट्ट्यांचे स्क्रू काढा, खालचं पोलाद कोरडं पुसून तेलाचा पातळ हात द्या. नळीत आणि चेंबरमध्ये ग्रीसचा पातळ थर द्या. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून मुळीच देऊ नका. चामडं ओल धरतं आणि ब्लूइंग खातं. गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळा, सिलिका जेलची ताजी पुडी ठेवा. पावतीवर पिस्तुलाचा नंबर, मॅगझिनांची संख्या आणि काडतुसांची संख्या वेगवेगळी लिहून घ्या.

घरी पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा पुसा. स्लाइडच्या रुळांवर दोन-दोन थेंब तेल पुरे. काडतुसांना तेलाचा हात लागू देऊ नका. ते प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टिकली) झिरपलं तर गोळी फुसकी निघते आणि नळीत अडकू शकते. ठाण्यातून पिस्तूल परत आल्यावर पहिली गोळी भरण्याआधी नळीतलं ग्रीस कोरड्या कापडाने पूर्ण काढा आणि उजेडात आरपार बघून घ्या.