इन्व्हर्स काढून गुणलं तरी उत्तर सेमच येतं, मग एलयू फॅक्टरायझेशनच्या मागे का लागायचं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की ए एक्स = बी सोडवायला ए चा इन्व्हर्स काढला आणि बी ला गुणला तरी "उत्तर सेमच येतं ना", मग सगळे जण एलयू करा (म्हणजे ए ला एल हा खालचा आणि यू हा वरचा त्रिकोण अशा दोन मॅट्रिक्सच्या गुणाकारात तोडा), चोलेस्की करा (सिमेट्रिक मॅट्रिक्ससाठी तीच गोष्ट, एकाच त्रिकोणात) असं का सांगतात. हे "सेमच येतं ना" वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण अगदी हेच वाक्य मी पहिल्या नोकरीत दोन वर्षं रोज ऐकलंय आणि त्याचं उत्तर माझ्या तोंडात अजून तयार आहे.

आधी थोडक्यात तुमच्या प्रश्नाचं. कागदावर सेम येतं, कॉम्प्युटरवर येईलच असं नाही. ९ एक्स = ७२ घ्या. भागाकार केला तर ८, विषय संपला. पण आधी ९ चा इन्व्हर्स काढलात आणि सहाच अंक ठेवता येत असतील तर ०.११११११, त्याला ७२ ने गुणलं की ७.९९९९९२. जी गोष्ट कुणी मागितलीच नव्हती ती आधी काढली, ती काढताना राउंडिंग झालं, आणि मग ती चूक ७२ पट केली. मॅट्रिक्समध्ये हेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. आणि कामही जास्त लागतं, १००० अननोन असतील तर एलयूला साधारण ६७ कोटी बेरजा-गुणाकार लागतात, पूर्ण इन्व्हर्सला २०० कोटी. एकदा एल आणि यू हातात आले की प्रत्येक नव्या बी साठी एक फॉरवर्ड आणि एक बॅकवर्ड सबस्टिट्यूशन (एकेक अननोन आधी वरून खाली, मग खालून वर काढत जायचं), मिळून २० लाख. इन्व्हर्सने गुणायलाही तेवढेच २० लाख. म्हणजे "इन्व्हर्स एकदा काढून ठेवला की पुढे फुकट" हा जो युक्तिवाद असतो त्यात काही दम नाही, फॅक्टरसुद्धा एकदाच काढून ठेवायचे असतात!

हा युक्तिवाद आमच्या सिनियरांचा होता. आमचा कोड एका सपाट प्लेटमध्ये उष्णता कशी पसरते ते काढायचा. इम्प्लिसिट टाइम स्टेपिंग, म्हणजे प्रत्येक स्टेपला एक सिस्टिम सोडवायची, मॅट्रिक्स तीच, फक्त उजवी बाजू बदलते, आणि अशा ५००० स्टेप्स. सिनियरांनी सुरुवातीलाच इन्व्हर्स काढून मेमरीत ठेवला होता. २० बाय २० च्या ग्रिडवर ४०० अननोन, इन्व्हर्सला सव्वा एमबी जागा, कोड सुसाट पळायचा, आणि त्यांना त्याचा भारी अभिमान. मग कुणीतरी २०० बाय २०० चं ग्रिड मागितलं.

आता हिशोब बघा. ४०,००० अननोन. मूळ मॅट्रिक्समध्ये प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त पाच आकडे, स्वतःचा एक आणि चार शेजाऱ्यांचे, म्हणजे एकूण दोन लाखांच्या आत, बाकी सगळी शून्यं. पण इन्व्हर्समध्ये शून्य औषधालासुद्धा नाही. का, तर इन्व्हर्सचा एक कॉलम म्हणजे एका बिंदूवर चिमूटभर उष्णता टाकली तर प्लेटवरच्या प्रत्येक बिंदूला किती पोचली त्याची यादी, आणि थोडी का होईना, ती सगळीकडे पोचतेच. म्हणजे ४०,००० गुणिले ४०,००० असे १६० कोटी आकडे, प्रत्येकी आठ बाइट, १२.८ जीबी. आमच्या मशीनची रॅम ८ जीबी. संध्याकाळी जॉब लावून गेलो, सकाळी आलो तर डिस्क घरघरतेय आणि पहिली स्टेपसुद्धा झालेली नाही.

मी म्हणाले, सर, आपली मॅट्रिक्स सिमेट्रिक पॉझिटिव्ह डेफिनिट आहे (म्हणजे तिरक्या डायगोनलच्या दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या, आणि चोलेस्कीतल्या वर्गमुळाखाली कधी ऋण संख्या न येणारी), चोलेस्की करू या. ते म्हणाले, रॅम वाढवून मागू. आणि वर, "ही फॅक्टरायझेशनची नवीन फॅशन आहे तुम्हा पोरांची." नवीन! चोलेस्की हे फ्रेंच लष्करातले अधिकारी, जमीन मोजणीच्या कामात लीस्ट स्क्वेअर्सची (समीकरणं अननोनपेक्षा जास्त असताना सगळ्यात कमी चुकीचं उत्तर काढायची) समीकरणं हाताने सोडवावी लागायची म्हणून त्यांनी ही पद्धत बसवली, आणि ते पहिल्या महायुद्धात १९१८ साली मारले गेले. पद्धत छापून आली ती त्यांच्यामागे, १९२४ मध्ये. एलयूबद्दल म्हणाल तर ट्युरिंगचा १९४८ चा पेपर आहे, राउंडिंगच्या चुकांवरचा, त्यात एलयूही आहे आणि कंडिशन नंबरही (डेटातली छोटी चूक उत्तरात किती पट होऊ शकते तो आकडा). हे सगळं मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. ऐकवायला नको होतं, पण ऐकवलं.

शनिवार-रविवार बसून मी बँडेड चोलेस्की लिहिली. ओळीओळीने नंबर दिले की प्रत्येक बिंदूचा सगळ्यात लांबचा शेजारी २०० नंबरांवर असतो, त्यामुळे एल मध्ये जे काही भरेल ते त्या २०० च्या पट्ट्यातच भरतं. ८० लाख आकडे, ६४ एमबी. १२.८ जीबीच्या जागी ६४ एमबी! दर स्टेपला इन्व्हर्सने गुणायला ३२० कोटी ऑपरेशन्स लागली असती, माझ्या पद्धतीने ३.२ कोटी. बरोबर शंभर पट फरक. (हाही काही कळस नव्हता, अननोनना हुशारीने नंबर दिले तर फिल-इन, म्हणजे शून्यांच्या जागी भरणारे आकडे, अजून कितीतरी कमी होतो, ग्रिड पुन्हा पुन्हा दुभागून नंबर द्यायची नेस्टेड डिसेक्शन पद्धत १९७३ पासून आहे, पण तेव्हा मला तेवढं येत नव्हतं.) सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर चालवून दाखवलं. सिनियर एवढंच म्हणाले, "उत्तर सेमच येतं ना?" मी म्हटलं हो. मनातून मी तेव्हा हवेत होते.

दोन महिन्यांनी प्लेटऐवजी वाहता द्रव आला. म्हणजे उष्णता नुसती पसरत नाही, प्रवाहाबरोबर एका बाजूला वाहूनही जाते. मी काय केलं, मॅट्रिक्स भरायच्या लूपमध्ये प्रवाहाची टर्म टाकली आणि सॉल्व्हर होता तसाच ठेवला. ज्यांना हे येतं त्यांना इथेच हसू फुटलं असेल. प्रवाह आला की डावीकडच्या शेजाऱ्याचा कोइफिशंट आणि उजवीकडच्याचा वेगळा होतो, एकात वाढतो, दुसऱ्यात घटतो, म्हणजे मॅट्रिक्स सिमेट्रिक राहत नाही, म्हणजे चोलेस्की लागूच नाही. पण चोलेस्की ओरडत नाही हो! ती फक्त खालचा अर्धा त्रिकोण वाचते आणि वरचा त्याचंच प्रतिबिंब आहे असं धरून चालते. लायब्ररीतली रुटीन्सही असंच करतात, वरचा किंवा खालचा एकच त्रिकोण बघतात, दुसऱ्यात कचरा असला तरी चालतो त्यांना. वर्गमुळाखाली ऋण संख्या आली असती तर निदान कोड थांबला असता, पण डायगोनल दणकट होता, त्यामुळे तेही झालं नाही. आणि रेसिड्युअल, म्हणजे बी वजा ए एक्स? तो मी तपासला होता की, अगदी १० चा उणे १३ वा घात, फक्त तोही त्याच साठवलेल्या अर्ध्या मॅट्रिक्सवरून काढला होता. चोरालाच विचारलं चोरी झाली का, तो म्हणाला नाही.

चूक पकडली कुणी, तर सिनियरांनी. मॅट्रिक्स वगैरे काही न बघता, नुसतं तापमानाचं चित्र बघून. "कडांच्या तापमानापेक्षा हा मधला भाग जास्त गरम कसा? आत हीटर आहे का?" हीटर नव्हता. खालचा अर्धा भाग वर आरशासारखा उतरवल्यामुळे दोन्ही शेजाऱ्यांकडून जास्तीची उष्णता येत होती आणि दर स्टेपला थोडी थोडी हवेतून तयार होत होती. मग त्यांनी त्यांचा जुना इन्व्हर्सवाला कोड काढला, २० बाय २० वर, पूर्ण मॅट्रिक्स घेऊन, आणि त्याचं उत्तर बरोबर आलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तरी माझं मत बदललेलं नाही. इन्व्हर्स बरोबर होता म्हणून ते उत्तर बरोबर आलं नाही, पूर्ण मॅट्रिक्स वापरली म्हणून आलं. तिथे मी एलयू लावली असती तरी बरोबरच आलं असतं, आणि नंतर तेच केलं, बँडेड एलयू विथ पार्शल पिव्होटिंग, म्हणजे दर टप्प्याला कॉलममधला सगळ्यात मोठा आकडा वर येईल अशा ओळी बदलून. पिव्होटिंग सोडू नका कधी. पहिल्या ओळीत १० चा उणे २० वा घात आणि १, दुसऱ्या ओळीत १ आणि १, उजवीकडे १ आणि २, एवढीशी सिस्टिम डबल प्रिसिजनमध्ये ओळी न बदलता सोडवून बघा. खरं उत्तर जवळपास १ आणि १ आहे, कॉम्प्युटर तुम्हाला ० आणि १ देईल, आणि चेहऱ्यावर रेषसुद्धा हलणार नाही. ओळी अदलाबदल केल्या की सुरळीत. सिमेट्रिक पॉझिटिव्ह डेफिनिट असेल तर पिव्होटिंग लागत नाही आणि कामही एलयूच्या निम्मं, म्हणूनच तर चोलेस्कीचा मोह पडतो. ओळी अननोनपेक्षा जास्त असतील, लीस्ट स्क्वेअर्सचा मामला असेल, तर क्यूआर (काटकोनी क्यू आणि त्रिकोणी आर असे दोन तुकडे). आणि मॅट्रिक्स सिंग्युलर (इन्व्हर्सच नसलेली) आहे का बघायला डिटरमिनंट काढणाऱ्यांना तर मी हात जोडते, डायगोनलवर नुसते ०.१ असलेल्या १०० बाय १०० च्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट १० चा उणे १०० वा घात येतो, आणि तिच्याइतकी सरळ मॅट्रिक्स शोधून सापडायची नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर वरचं ७.९९९९९२ चं उदाहरण मी जरा रंगवून सांगितलंय. इन्व्हर्स नीट काढला असेल तर एक्स मधली चूक बहुतेक वेळा एलयूइतकीच असते, फरक पडतो तो रेसिड्युअलमध्ये, तो इल-कंडिशन्ड (कंडिशन नंबर मोठा असलेल्या) मॅट्रिक्सला इन्व्हर्सने बराच मोठा येऊ शकतो. आणि मॅट्रिक्सच वाईट असेल तर कुठलीही पद्धत वाचवत नाही, १० बाय १० ची हिल्बर्ट मॅट्रिक्स (१, १/२, १/३ अशा अपूर्णांकांनी भरलेली) घ्या, कंडिशन नंबर १० च्या १३ व्या घाताच्या वर, म्हणजे डबलच्या सोळाएक अंकांपैकी भरवशाचे दोन-तीनच उरतात, मग एलयू करा की आणखी काही. तिथे रेसिड्युअल इवलासा येईल आणि उत्तर तरी चुकीचं असेल. कधी कधी इन्व्हर्सच्या आतले आकडेच हवे असतात, स्टॅटिस्टिक्समध्ये व्हेरियन्स काढताना वगैरे, तिथे काढा, ना नाही. ३ बाय ३ ला तर काहीही करा.

तुमची मॅट्रिक्स केवढी आहे, स्पार्स (बहुतेक शून्यंच असलेली) आहे का, सिमेट्रिक आहे का, यातलं काहीच प्रश्नात लिहिलेलं नाही, त्यामुळे याहून नेमकं सांगता येत नाही. ते लिहा. आणि सिमेट्रिक आहे असं म्हणणार असाल तर ट्रान्सपोज (ओळी आणि कॉलम अदलाबदल केलेली मॅट्रिक्स) वजा करून खरंच शून्य येतं का ते बघून मगच लिहा, मी बघितलं नव्हतं. सिनियरांचं ते इन्व्हर्सवालं रुटीन माझ्याकडे अजून आहे, सॉल्व्हर बदलला की आधी २० बाय २० वर त्याच्याशी ताडून बघते. त्यांना हे मी कधी सांगितलेलं नाही.