वाचकांचे प्रश्न : चार वर्षे आधी कैद होऊनही अव्वल

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात सर्वाधिक टनभाराची जहाजे बुडवणारा जर्मन पाणबुडी कप्तान ओटो क्रेच्मर मार्च १९४१ मध्येच ब्रिटिशांच्या हाती लागला, असे वाचनात आले. युद्ध त्यानंतर चार वर्षे चालले, तरी त्याचा विक्रम कोणालाच कसा मोडता आला नाही? पुढे त्याचे काय झाले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. क्रेच्मरने बुडवलेल्या जहाजांची बेरीज सुमारे पावणेतीन लाख टन होते. (हे टन वजनाचे नव्हेत, जहाजातील बंदिस्त जागेचे ते माप असून एक टन म्हणजे १०० घनफूट.) त्याच्या खालोखाल असलेल्या वोल्फगांग ल्यूटला सव्वादोन लाखांचा पल्ला गाठायला जवळजवळ चार वर्षे लागली. पहिल्या महायुद्धातील जर्मन पाणबुडी कप्तान आर्नो द ला पेरिएरचा आकडा मात्र या दोघांहूनही बराच मोठा आहे.

क्रेच्मर सुरुवातीला यू-२३ या लहान पाणबुडीवर होता आणि फेब्रुवारी १९४० मध्ये त्याने तिच्यावरून ‘डेअरिंग’ ही ब्रिटिश विनाशिका बुडवली. त्याची खरी कारकीर्द घडली ती एप्रिल १९४० मध्ये त्याच्याकडे आलेल्या यू-९९ वर. फ्रान्स पडल्याने जून १९४० नंतर जर्मनांना अटलांटिकच्या काठावरील बंदरे मिळाली होती, तर जर्मन स्वारीच्या धास्तीने ब्रिटनने आपल्या बऱ्याच विनाशिका किनाऱ्याजवळ रोखून धरल्याने व्यापारी ताफ्यांना पुरेसे संरक्षण नव्हते. ब्रिटिशांची सारी भिस्त ‘अ‍ॅस्डिक’ या ध्वनिशोधक यंत्रावर होती, आणि ते पाण्याखालची पाणबुडी शोधत असे. पृष्ठभागावर असलेली पाणबुडी त्याला सहसा सापडत नसे.

क्रेच्मरने नेमके हेच हेरले. यू-९९ पाण्याखाली जेमतेम ८ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने जाई, परंतु पृष्ठभागावर तिचा वेग १७ नॉटपर्यंत पोहोचत असे, म्हणजे मंद ताफ्याच्या दुपटीहून अधिक. म्हणून तो रात्री पाण्यावरूनच ताफ्याच्या रांगांमध्ये शिरे आणि दुरून अनेक टॉर्पेडो एकदम सोडण्याऐवजी जवळ जाऊन एका जहाजाला एकच टॉर्पेडो मारण्यावर भर देई. ऑक्टोबर १९४० मध्ये एससी-७ या ३५ जहाजांच्या ताफ्यातील २० जहाजे जर्मन पाणबुड्यांनी बुडवली, त्यांत यू-९९ चा वाटा मोठा होता. पुढच्या महिन्याभरात ‘लॉरेंटिक’, ‘पॅट्रोक्लस’ आणि ‘फोरफार’ या तीन सशस्त्र प्रवासी जहाजांमुळेच त्याच्या खात्यात सुमारे ४६ हजार टनांची भर पडली. क्रेच्मरचे कौशल्य निर्विवाद असले, तरी हा विक्रम त्या कौशल्याइतकाच १९४० सालाचाही आहे, असे आमचे मत आहे.

ती परिस्थिती पालटू लागल्याची खूण त्याच्याच शेवटच्या मोहिमेत दिसते. १७ मार्च १९४१ च्या पहाटे, एचएक्स-११२ या ताफ्यावर हल्ला करून टॉर्पेडो संपल्यावर यू-९९ परत निघाली होती. त्याच सुमारास योआखिम शेपकेची यू-१०० ही पाणबुडी पृष्ठभागावर असताना ‘व्हॅनॉक’ विनाशिकेला रडारवर दिसली आणि विनाशिकेने धडक देऊन ती बुडवली. जवळच विनाशिका पाहून यू-९९ च्या पहारा अधिकाऱ्याने पाण्यावरून निसटण्याऐवजी बुडी मारली, त्यामुळे ती डोनाल्ड मॅकिन्टायरच्या ‘वॉकर’ या विनाशिकेवरील अ‍ॅस्डिकला आयतीच सापडली. पाणस्फोटकांच्या माऱ्याने निकामी झालेली पाणबुडी वर आणून क्रेच्मरने ती सोडली. तिघे दगावले, स्वतः क्रेच्मर धरून ४० जण कैद झाले. त्याच महिन्यात ‘यू-४७’चा कप्तान ग्युंटर प्रीन हाही बेपत्ता झाला. पुढे रडार, विमाने आणि वाढीव संरक्षक जहाजांपुढे दीड वर्ष टिकून राहणेच कप्तानांना अवघड झाले. जर्मन पाणबुडीदलातील चारांपैकी सुमारे तीन खलाशी परतले नाहीत.

क्रेच्मरला कॅनडातील बोमनव्हिल छावणीत ठेवले होते. १९४३ मध्ये भुयारातून कैद्यांना बाहेर काढून यू-५३६ ने समुद्रमार्गे न्यायचे, असा बेत ठरला; पण कॅनडाच्या अधिकाऱ्यांना तो आधीच कळला होता, त्यामुळे भुयार उघडकीस आले आणि पाणबुडी किनाऱ्यावरून रिकामीच माघारी फिरली. त्याची सुटका १९४७ च्या अखेरीस झाली. १९५५ मध्ये तो पश्चिम जर्मनीच्या नव्या नौदलात रुजू झाला, नाटोच्या बाल्टिक विभागातही त्याने काम केले आणि १९७० मध्ये फ्लोटिला अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाला. ऑगस्ट १९९८ मध्ये डॅन्यूब नदीवरील नौकाप्रवासात झालेल्या अपघातानंतर, वयाच्या ८६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.