डायसवरून व्हरांडा दिसत नाही

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. एलएलबी झाली, वकिलीची सनद यायचीय, आणि 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने कनिष्ठ स्तराच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या जजसाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली म्हणून तुझी तीन वर्षं वाया जाणार असं तुला वाटतंय. नाही गं वाया जात. तालुक्याच्या कोर्टात जा, सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, लागतो तिथं उभी राहा, पुकारा झाला की एखादे आजोबा कागदाची पिशवी सांभाळत आत येतात, दोन मिनिटांत पुढची तारीख पडते आणि बाहेर येऊन ते वकिलाला विचारतात, काय झालं साहेब? हे तुला एकदा जज झाल्यावर बघायला मिळणार नाही, कारण डायसवरून, जजच्या उंच आसनावरून, दार दिसतं, व्हरांडा दिसत नाही.

रस्ता तुला माहितीच आहे. परीक्षा, मुलाखत, उत्तनच्या न्यायिक अकादमीत ट्रेनिंग, मग कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर आणि मग जिल्हा न्यायाधीश. वकिलीची सात वर्षं झाली की थेट जिल्हा न्यायाधीशाची परीक्षाही देता येते, पण मला विचारशील तर खालून ये. वाटणीचे दावे, पोटगीचे अर्ज, बांधाची भांडणं यातून जो माणूस कळतो तो पुढं सेशन केसमध्ये खुनाचा खटला चालवताना उपयोगी पडतो.

आता तुझा खरा प्रश्न, जज झालं की लोकांपासून तुटावं लागतं का. थोडं लागतं, खोटं कशाला सांगू. न्यायमूर्ती रानडे 1871 पासून पुण्यात सबजज होते आणि तेव्हाच लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढं मांडणाऱ्या सार्वजनिक सभेचं कामही बघत होते, सरकारला ते खुपलं आणि पुढं त्यांच्या नाशिक, धुळे अशा बदल्या झाल्या. तो काळ वेगळा, आज सेवेत असताना तसं करता येत नाही, आणि येऊ नयेच असं माझं मत आहे. मी कनिष्ठ स्तराला असताना एका सत्काराला गेलो, स्टेजवर शेजारी बसलेले गृहस्थ काही महिन्यांनी माझ्यासमोर प्रतिवादी म्हणून उभे राहिले आणि समोरच्या बाईंची माझ्याकडे बघण्याची नजर मी आजही विसरलेलो नाही. जिल्हा न्यायाधीशांना लिहून तो दावा दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करून घेतला. त्यानंतर हार, उद्घाटनं, मंडळाची आरती, सगळं बंद केलं.

पण एक दार उघडं आहे आणि ते खूप मोठं आहे. जिल्हा न्यायाधीश हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो, 1987 च्या कायद्यानेच. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले आरोपी, अपंग व्यक्ती, यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, आणि गावोगाव शिबिरं घेताना मला कळलं की हे बहुतेकांना माहितीच नसतं. जेलची भेट तर मी कधी चुकवली नाही. एकदा एक पोरगा भेटला, जामीन मंजूर होऊन महिने झाले होते पण जामीनदार नव्हता म्हणून आत, आणि घरी कुणी कळवलंच नव्हतं. असं काम कुठल्या निकालपत्रात येत नाही. आता सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्याच गुन्ह्यातला कच्चा कैदी, म्हणजे ज्याचा निकाल अजून लागलेला नाही असा, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला सोडावं लागतं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त केसेस असलेले सोडून, पण यादी करून एकेक नाव तपासणारा कुणीतरी लागतो ना.

तडजोडीने वाद मिटवणाऱ्या लोकअदालतीबद्दल एवढंच सांगतो, तिथं झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, कोर्ट फी परत मिळते, लोकांचे वर्षानुवर्षांचे हेलपाटे वाचतात, पण आकडा वाढवायला कुणावर तडजोड लादू नकोस, विशेषतः पोटगी मागणाऱ्या बाईवर. ती थकलेली असते, हो म्हणून टाकते.

सनद हातात यायला वेळ आहे तोवर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवेच्या ऑफिसात जाऊन पीएलव्ही, म्हणजे पॅरालीगल व्हॉलंटियर (विधी स्वयंसेवक), म्हणून घेतात का विचार, कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही घेतात. आणि जेलची पहिली भेट झाली की मला लिही, कोण भेटलं, किती दिवसांपासून आत आहे, आणि त्याच्या घरी फोन केलास का.